डोंगर, वळीव आणि घरची यादी

(सामुदायिक रेडिओवर दोन जावांनी मिळून केलेलं भाषण)



मे महिना संपत आला, की घराघरांत दोन चौकश्या सुरू होतात. पाऊस कधी येणार, आणि काजवे बघायला कुठं जायचं? मोबाइलवर फोटो फिरायला लागतात, पोरं मागं लागतात. गेल्या वर्षी आमचीही पोरं लागली आणि आम्ही गेलो. त्या सहलीत काय काय झालं ते गावभर पसरलं. त्यातलं निम्मं खरं होतं, निम्मं वाटेत वाढत गेलेलं. तेव्हा केंद्रातल्या ताई म्हणाल्या, "तुम्हीच या आणि सांगा, म्हणजे चार बायकांच्या कामाला येईल." म्हणून आम्ही दोघी जावा आज इथं बसलोय. एका घरात, एका स्वयंपाकात पंधरा वर्षं काढली आहेत, तेव्हा थोरली काय म्हणाली आणि धाकटी काय म्हणाली, असं वेगळं करत बसत नाही. जे सांगतोय ते दोघींचं.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. बायकांनी डोंगरात जावं, पोरांना घेऊन जावं, सासूलाही न्यावं. फक्त घराची जी माहिती एकाच बाईच्या डोक्यात असते, ती उंबरा ओलांडायच्या आधी सगळ्यांमध्ये वाटून टाकावी. असं का म्हणतोय, ते पुढं कळेल.

आम्ही नऊ जण होतो. सासूबाई, वय अडुसष्ट. आम्ही दोघी आणि आमचे दोघींचे मालक. चार पोरं, सगळ्यात मोठा चौदाचा, त्याच्या पाठची अकराची, मग नऊचा आणि शेंडेफळ सात वर्षांचं. आपल्याकडं इंदापूर-बारामतीला नजर जाईल तिथवर सपाट रान. पोरांनी डोंगर बघितलेला तो एसटीच्या खिडकीतून. तंबूत झोपायचं म्हटल्यावर त्यांची आठ दिवस झोप उडाली होती.

जायचं ठरलं राजमाचीला. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोणावळ्याजवळ, बोरघाटाच्या बाजूला राजमाचीचा किल्ला आहे. घाटातनं जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर नजर ठेवायला तो होता. त्याला दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, आणि दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. पायथ्याला उधेवाडी नावाचं लहानसं गाव. गावातली घरं पाहुण्यांना जेवण देतात, अंगणात तंबू लावू देतात. तिथं जायला दोन वाटा. कर्जतकडून कोंदिवड्याहून, कोंढाण्याच्या लेण्यांजवळून वर चढणारी एक, ती खडी आहे. दुसरी लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूनं, साधारण पंधरा किलोमीटरची, लांब पण बरीचशी सपाट. पाऊस लागायच्या आधी या वाटेनं जीप जाते. आम्ही ही दुसरी वाट धरली. सासूबाई, शेंडेफळ आणि सामान जीपमध्ये, बाकीचे पायी.

आता तयारीचं बोलू, कारण पुढं जे काही निभावलं ते तयारीवर निभावलं. निघायच्या आदल्या रविवारी सगळ्यांना जेवायला बसवलं आणि ताटावरच एक प्रश्न टाकला, "आईंची ब्लडप्रेशरची गोळी कोणती?" दोघे भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हणाला, पांढरी आहे. दुसरा म्हणाला, तुम्हालाच माहीत. मग विचारलं, धाकट्याला कुठल्या औषधानं पुरळ उठतं? ते कोणाला माहीत नाही. पोरांची वजनं? माहीत नाहीत. आईंना कुठलं ऑपरेशन झालंय आणि कधी? गप्प. सासूबाई हसून म्हणाल्या, "म्हणजे या दोघी एकदम आजारी पडल्या तर मला गोळी कोण देणार?"

हे काही आमच्याच घरात आहे असं नाही. तुमच्या घरी आज रात्री विचारून बघा. डॉक्टरनं काय सांगितलं, रेशनकार्ड कुठं आहे, पोराला गोवराची लस कधी दिली, हे सगळं एकीच्या डोक्यात असतं. घरी ते चालून जातं, कारण ती तिथंच असते. डोंगरात ती एकटी खाली बसली, तर बाकीचे आंधळे होतात.

म्हणून आम्ही एक यादी केली. साध्या वहीच्या पानावर, चौदा वर्षांच्या पोराच्या हातानं, चार प्रती. प्रत्येकाचं नाव, वय, पोरांची वजनं, कारण लहान मुलांच्या औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. कोणाला कोणती गोळी किती वाजता, कोणाला काय चालत नाही, कोणाचा रक्तगट कोणता. खाली नंबर: ज्यांच्या घरी उतरणार त्यांचा, जीपवाल्याचा, घरी राहिलेल्या चुलतजावेचा, आणि ॲम्ब्युलन्सचा १०८. एकेक प्रत चार पिशव्यांत घातली. आणि कामं वाटली. औषधांची पिशवी थोरल्या भावाकडं. पाणी धाकट्याकडं. पोरं मोजायचं काम मोठ्या पोराकडं. आमच्या दोघींकडं मुद्दाम काही ठेवलं नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही मोकळ्या हातानं घराबाहेर पडलो.

शनिवारी पहाटे लोणावळ्यात उतरलो आणि सहाच्या आत चालायला लागलो. मेमधलं ऊन दहानंतर चालू देत नाही. मोठ्यांच्या पाठीवर तीन-तीन लिटर पाणी. वाटेत करवंदांच्या जाळ्या काळ्या झालेल्या, पोरांचे ओठ आणि बोटं चिकानं चिकट. एका वळणावर दरी उघडली, उल्हास नदी जिथनं सुरू होते ती. नऊ वर्षांचा म्हणाला, "काकू, नदी इथं एवढीशीच आहे?" कोरडीच होती ती तेव्हा, नुसते दगड. अकराच्या आत उधेवाडीत पोचलो. सासूबाई ओसरीवर बसून घरच्या मावशींना लसूण सोलून देत होत्या. आम्ही येईपर्यंत त्यांची दोन घरांशी ओळख झालेली होती.

पिठलं, भाकरी, भात, आंब्याचं लोणचं. जेवण झाल्यावर मावशींना तीन गोष्टी विचारून घेतल्या. या तिन्ही तुम्हीही विचारा, कुठंही जा. मोबाइलला रेंज कुठं मिळते? रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल? आणि जवळचा दवाखाना कुठला? मावशींनी बोट दाखवलं. देवळामागच्या टेकाडावर एका दगडाशी उभं राहिलं तर रेंज येते. गाडी पुतण्याची आहे, रात्री इथंच असते. दवाखाना म्हणजे लोणावळाच. हे तिन्ही धाकट्या भावानं यादीच्या मागं लिहून घेतलं.

संध्याकाळी पाचला श्रीवर्धनवर गेलो. पोरं माथ्यावर पोचली आणि ओरडायचंही विसरली. पण पश्चिमेला ढग चढत होते, आणि लांबून गडगडलं. आम्ही लगेच खाली निघालो. हे लक्षात ठेवा, गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते एवढ्या अंतरावर आहे. तेव्हा माथ्यावर, एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी रेलिंगला धरून थांबायचं नाही. छत्री उघडायची नाही. खाली, घरात यायचं.

उतरताना थोरलीचा पाय मुरमावरून सरकला आणि घोट्यात मुरगळला. सुजून भाकरीएवढा झाला. भैरवनाथाच्या देवळापाशी तिला बसवलं. थोरल्या भावानं औषधांची पिशवी उघडली. आदल्या रविवारी पांढरी गोळी म्हणून सांगणारा माणूस, पण लवचिक पट्टी कुठल्या कप्प्यात आहे ते त्याला बरोब्बर माहीत होतं, कारण त्यानंच ती ठेवली होती. ओल्या फडक्यानं शेकलं, बोटांकडून वर अशी पट्टी बांधली, बोटं निळी पडत नाहीत ना ते बघितलं. अर्ध्या तासाची वाट दीड तासात उतरलो. धाकटी एका बाजूला, दीर दुसऱ्या बाजूला. मोठा पोरगा मागं राहून दर वळणाला मोठ्यानं पोरं मोजत होता.

आठ वाजता वळीव आला. आपल्याकडचा वळीव वेगळा, तो येतो आणि जातो. डोंगरातला अंगावर चाल करून येतो. एका तंबूच्या खुंट्या उपटल्या, तंबू कुंपणावर जाऊन फाटला. दुसरा जागच्या जागी बसला, त्यात पाणी. पोरांच्या डोळ्यांत पाणी, कारण तंबूसाठीच तर आली होती ती. मावशींनी दार उघडलं, "आत या सगळी, पडवी मोठी आहे." गोधड्या अंथरल्या, घोंगड्या दिल्या. गावातली लाइट गेली होती. चिमणीच्या उजेडात अकरा माणसांनी गरम भात आणि दूध खाल्लं. शेंडेफळ म्हणालं, "हाच आपला तंबू." मग रडणं थांबलं.

साडेदहाला पाऊस उघडला आणि काजवे आले. याचं वर्णन आम्हाला जमणार नाही. हिरड्या-जांभळीची झाडं एकदम पेटत होती आणि एकदम विझत होती, आख्खं झाड एका ठेक्यात. लुकलुकणारे उडते काजवे बहुतेक नर असतात, मादीला खूण करतात. त्या उजेडात उष्णता जवळजवळ नसते. आपण टॉर्च मारली, फ्लॅश टाकला की त्यांची खूण हरवते, आणि त्यांचं आयुष्य मोठेपणी काही दिवसांचंच असतं. तेव्हा जाल तर उजेड बंद ठेवा, झाडाला हात लावू नका, बाटलीत धरू नका. थोरली दारात पाय उशीवर ठेवून बसली होती. तिनं तिथूनच बघितलं. सासूबाई तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या लहानपणी विहिरीवर यायचे. मग फवारे आले औषधाचे, आणि हे गेले."

इथं थांबलं असतं तर सहल म्हणून सांगायला छान होतं.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मावशी चूल पेटवत होत्या. आमची अकरा वर्षांची लेक, तिला सगळ्यांना मदत करायची हौस, ती पडवीच्या कोपऱ्यातल्या ढिगातून लाकडं काढून त्यांना देत होती. एकदम किंचाळली. तिसऱ्या लाकडाखाली विंचू होता. रात्रीच्या पावसानं बिळात पाणी भरलं की ते कोरड्या जागेला येतात. लहानसा, तांबूस, दोन इंचांचा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नांगी मारली.

आपण विंचवाला काही नवीन नाही. काळा मोठा विंचू चावला की बाई दिवसभर तळमळते, दुसऱ्या दिवशी शेतात जाते. म्हणून पडवीतल्या एकानं म्हटलंही, "थोडी कळ काढ पोरी, उतरेल." शेजारून कोणी सांगितलं, वाडीत खाली एक उतारा देणारा आहे, बोलावतो. दोन मिनिटांत लेकीला घाम सुटला. साधा नाही, अंघोळ घातल्यासारखा. मग उलटी. हात धरला तर गार.

सासूबाई उठल्या. आमच्या सासूबाई कधी आवाज चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, "उतारा नको. गाडी काढा. आत्ता."

त्यांचं कारण आम्हाला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. ते नंतर, दवाखान्याच्या बाकावर कळलं. त्यांचा पाठचा भाऊ, सात वर्षांचा, कडब्याच्या गंजीत लाल विंचू चावून गेला. साठ वर्षांमागची गोष्ट. त्यालाही असाच घाम सुटला होता. त्याला उतारा देणाऱ्याकडं नेलं, तिथं दुपार झाली, दवाखाना सोळा मैलांवर, बैलगाडी. संध्याकाळी तोंडाला फेस आला. "मी त्याचा हात धरून बसले होते," त्या म्हणाल्या. "गार होता. काल परवा धरल्यासारखा आठवतो. तिचा हात धरला आणि मला कळलं."

तर गाडी. पुतण्या कुठं झोपतो ते माहीत होतं, धाकटा भाऊ धावला. मोठा पोरगा रेंजच्या दगडाकडं धावला आणि १०८ लावला. यादी समोर धरून त्यानं सांगितलं: मुलगी, वय अकरा, वजन एकतीस किलो, लाल विंचू, सहा दहाला, घाम आणि उलटी, कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही. पलीकडच्या माणसानं सांगितलं, ॲम्ब्युलन्स कच्च्या वाटेनं वर येणार नाही, डांबरी सुरू होते तिथं उभी करतो. चौदा वर्षांच्या पोरानं हे सगळं न अडखळता केलं. त्याच्या आईच्या डोक्यात असतं आणि कागदावर नसतं, तर ती सुजलेल्या पायानं त्या टेकाडावर चढत बसली असती.

सहा वीसला जीप निघाली. लेक, आम्ही दोघी, थोरले मालक. मागं सासूबाई, तीन पोरं आणि धाकटे मालक. वाटेत अर्ध्यावर रात्रीच्या वाऱ्यानं झाडाची फांदी आडवी पडलेली. जीपवाल्याकडं कोयता होता. दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं आम्ही मोजली आहेत, सेकंदानं. लेक मांडीवर, हात हलू द्यायचा नाही, थोडं थोडं पाणी. ती विचारत होती, "काकू, मी मरणार का?" आम्ही म्हटलं, "नाही. झाड तोडतायत, मग निघतोय." दुसरं काही सुचलं नाही, पण तेवढंच खरं होतं.

साडेसातला डांबरीवर पोचलो. ॲम्ब्युलन्स उभी होती. त्यात डॉक्टर होते. तिथून लोणावळ्याच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरबाईंनी यादी हातात घेतली, वजन वाचलं आणि एक गोळी दिली. विंचवाच्या विषावरचं इंजेक्शनही सलाइनमधून दिलं. नाडी, रक्तदाब, छातीचा आवाज सारखा बघत होत्या. गोळी दिल्यावर लेकीला उठून बसू देत नव्हत्या, कारण त्या गोळीनं रक्तदाब उतरतो. तीन-तीन तासांनी पुन्हा गोळी. दुपारी तीनला तिच्या हातांना ऊब आली. एक दिवस एक रात्र ठेवलं आणि सोडलं.

डॉक्टरबाईंनी जे समजावून सांगितलं, ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. लाल विंचू आपल्याकडं, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिवावर बेततो, आणि लहान मुलांच्या जास्त. विष अंगात भिनलं की शरीर आतल्या आत जणू पळत सुटतं. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, मग फुप्फुसात पाणी होतं. ओळखायचं कसं? नुसतीच प्रचंड कळ असेल आणि बाकी अंग ठीक असेल, तर धोका कमी. पण डबडबून घाम, उलटी, तोंडाला लाळ, हातपाय गार, छातीत धडधड, यातलं काही दिसलं तर एक मिनिट घालवायचं नाही. कळ कमी वाटली म्हणून फसायचं नाही.

आणि ती जी गोळी, प्राझोसिन, ती मुळात रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विंचवाच्या विषावर तिचा उपयोग होतो, हे दाखवून देण्यात मोठं काम आहे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकरांचं. रायगड जिल्ह्यात सरकारी नोकरीत असताना हिंमतरावांच्या समोर विंचवाची पोरं मरत होती. त्यांनी रात्र रात्र रुग्णांजवळ बसून विषानं नेमकं काय होतं ते टिपलं, लॅन्सेट नावाच्या जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात लिहिलं, आणि ही गोळी वापरायला लागल्यावर मृत्यू कितीतरी कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही गोळी तेव्हा नव्हती का?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही आजी, तेव्हा कोणाला माहीत नव्हती." त्या मान हलवत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं." एवढंच.

घरी आलो. आणि मैत्रिणींनो, विंचवापेक्षा अवघड ते इथं सुरू झालं. भेटायला येणारा प्रत्येकजण लेकीची चौकशी करायचा आणि मग आमच्याकडं वळायचा. बायकांना कशाला हे धंदे? पोरीच्या जातीला डोंगर कशाला दाखवायचा? चुलत सासरे म्हणाले, "देवानं वाचवलं, आता घरात बसा." आमच्या मालकांना कोणी काही म्हटलं नाही. तेही बरोबर होते, तरी प्रश्न आम्हालाच.

उत्तर सासूबाईंनी दिलं. म्हणाल्या, "भाऊजी, माझा भाऊ घराच्या मागच्या गंजीत गेला. डोंगरात नाही. आणि ही पोरगी डोंगरात वाचली."

आम्ही त्यात एवढंच घालतो. विंचू लाकडाच्या ढिगात होता. असा ढीग प्रत्येकीच्या परसात आहे. गोठ्यात आहे, गोवऱ्यांच्या उडव्यात आहे. तिथं हात घालायला आपल्याला कोणी मना करत नाही, उलट सकाळी सकाळी तेच काम आपलं. मग वर्षातनं दोन दिवस काजवे बघायला निघालं, की तेवढा धोका सगळ्यांना दिसतो? धोका टाळायचा तर चला, आधी घरातले ढीग बघू.

आता कामाच्या गोष्टी. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिली, यादी. वर सांगितली तशी, चार प्रती, आणि ती पोरांच्या हातानं लिहून घ्या. लिहिणाऱ्याच्या लक्षात राहतं.

दुसरी, कामं वाटा, आणि वाटल्यावर परत आपल्याकडं घेऊ नका. औषधाची पिशवी नवऱ्याकडं दिली तर ती त्यालाच भरू द्या. पट्टी कुठं ठेवली हे त्याला विचारायची पाळी आपल्यावर येऊ दे.

तिसरी, मुक्कामाला पोचल्यावर, चहाच्या आधी, रेंज, गाडी, दवाखाना हे तीन प्रश्न.

चौथी, विंचू चावला तर साबणपाण्यानं धुवा, गार फडकं ठेवा, तो हात किंवा पाय हलवू नका. घट्ट दोरी बांधू नका, ब्लेडनं कापू नका, चोखू नका. उताऱ्यात वेळ घालवू नका. वेळ लक्षात ठेवा, दवाखान्यात ती विचारतात. साप चावला तर थांबून लक्षणं बघायचीच नाहीत, सरळ दवाखाना. प्रतिविष तिथंच मिळतं.

पाचवी, बूट, अंथरूण, पिशव्या झटकून मगच वापरा. लाकडं काठीनं हलवून मग उचला. हे डोंगरात, आणि घरीही.

सहावी, तंबूत चूल, शेगडी, कोळसा पेटवू नका, कितीही थंडी असली तरी. बंद जागेत कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

आणि शेवटची, वाडीतल्या माणसांशी आधी बोला, नुसतं जेवणाचे पैसे देऊन मोकळे होऊ नका. आमच्यासाठी पडवी उघडणारी, गाडी काढणारी, फांदी तोडणारी माणसं तीच होती. जीपवाल्यानं त्या दिवशी भाड्याचे पैसे घ्यायला नकार दिला. दिवाळीला सासूबाईंनी त्याच्या घरी फराळाचा डबा पाठवला, आमच्याकडच्या साखरेचा.

यंदा परत जाणार का, असं सगळ्या विचारतात. जाणार आहोत. पावसाळा संपल्यावर, थंडीत, तंबू नवीन घेतलाय. थोरलीचा घोटा बरा आहे, जिना उतरताना अजून जरा कुरकुरतो. यंदाची यादी लेकीनं केलीय. तिनं एक रकाना वाढवला आहे, "लहानपणी काय झालं होतं". त्यासाठी ती सगळ्यांना धरून विचारत बसते. आजीजवळ तर दोन संध्याकाळी बसली होती. आम्ही आत स्वयंपाक करत होतो. आजी बोलत होत्या आणि ती लिहून घेत होती, मामाआजोबांचं नावसुद्धा.

तुमच्याही घरी आज रात्री जेवताना तो प्रश्न टाकून बघा. आईंची गोळी कोणती? उत्तर आलं नाही तर रागावू नका, कागद आणा.